हातोडीची साक्ष

आजीच्या डबीत सोन्याची एक चपटी टिकली होती. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या हिऱ्याच्या चमकीचं तेवढंच उरलं होतं. खडा खरा की काच, यावरून सासरी वाद झाला आणि थोरल्या दिरांनी चमकी दगडी उंबऱ्यावर ठेवून हातोडी मारली. खड्याचा चुरा झाला, सोनं चपटलं. 'काच निघाली,' असा निकाल लागला. वडिलांनी फसवलं, हे आजी जन्मभर ऐकत राहिली. नाकात तिने पुन्हा काही घातलं नाही.

ही परीक्षा दिरांच्या डोक्यातून निघालेली नव्हती. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहिलं की, ऐरणीवरचा हिरा घाव परतवतो, उलट हातोडीच फुटते. तुकोबांच्या एका अभंगातही घणाखाली वाचतो तोच हिरा खरा. दृष्टान्त म्हणून ते चोख आहे. हिरे फोडणाऱ्या कारागिरांना मात्र वेगळं ठाऊक होतं. ३१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ साली ॲमस्टरडॅममध्ये पोलादी पात्यावर घाव घालूनच दुभंगला गेला.

असं का होतं, याचा उलगडा व्हायला १९१३ साल उजाडलं. विल्यम आणि लॉरेन्स ब्रॅग या बापलेकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने हिऱ्याची आतली रचना उकलली. प्रत्येक कार्बन अणूला चारच शेजारी, तेही ठरलेल्या चार दिशांना, ०.१५४ नॅनोमीटरवर. दोन शेजाऱ्यांमध्ये इलेक्ट्रॉनांची एक सामाईक जोडी असते. हाच सहसंयुज बंध. या बंधांना दिशा असते, त्यामुळे अणू जागचे सरकत नाहीत आणि हिऱ्यावर सहजी ओरखडा उठत नाही. पण स्फटिकात काही पातळ्या अशा असतात की त्यांना ओलांडणारे बंध सर्वांत विरळ. घाव तिथे बसला की बंध तुटत जातात आणि चीर आरपार धावते. कठीणपणा वेगळा, चिवटपणा वेगळा.

पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, लॉरेन्सने तांब्याची रचना मांडली. सोन्याचीही ठेवण तशीच. इथे प्रत्येक अणूला बारा शेजारी आणि मोकळे इलेक्ट्रॉन साऱ्या वस्तीच्या मालकीचे. थरावरून थर घसरला तर शेजारी बदलतात, बंध टिकतो. हे घसरणं इतक्या थोड्या जोरात कसं होतं, ते १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे सांगितलं. अख्खा थर एकदम हलत नाही. सतरंजीतली सुरकुती पुढे ढकलत न्यावी, तसा रचनेतला दोष सरकत जातो.

म्हणजे त्या दिवशी सोनं सोन्यासारखं वागलं. खड्याबद्दल हातोडीने काहीच सांगितलं नाही, कारण काच फुटली असती आणि हिराही फुटला असता. चुऱ्यातल्या एखाद्या कणाने माणकावर ओरखडा उठतो का, एवढं पाहिलं असतं, तरी काच की हिरा हे तिथेच कळलं असतं.

हे मी आईला सांगितलं तेव्हा आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पणजोबा खरे होते असं मी म्हणू शकत नाही. खोटे ठरले नव्हते, एवढंच म्हणू शकतो. आईने टिकली हातात घेतली. मी विचारलं, "मग तो चुरा कुठे गेला?"

"झाडून टाकला," आई म्हणाली. "तिलाच झाडायला लावला."