काळोख कशासारखा?

मंडळी, गेल्या वीकान्ताला ओरोसला घरी गेलो होतो. दोन दिवस धो धो पाऊस, वीज गायब आणि लॅपटॉपची बॅटरी तेवढी भरलेली. बसल्या बसल्या एक गोष्ट लिहून काढली. साल २०७०, स्थळ आमचंच सिंधुदुर्गनगरी. माणसांना नावांऐवजी नंबर, डोक्यावर ड्रोन, वगैरे. डिस्टोपिया म्हणतात तसला मामला, म्हणजे रामराज्याच्या बरोबर उलटं. जागाही झकास आहे. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून जिल्हा वेगळा झाला, आणि मग माळावर आखीव रस्ते नि कचेऱ्यांचं हे गाव उभं राहिलं. आधी कागदावर, मग जमिनीवर.

आजीला वाचून दाखवली. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "माका भीती वाटाक नाय रे झिला. ह्या सगळा सिनेमातला."

झोंबलं. पण परत वाचलं तर म्हातारीचं खरं होतं. माझा काळोख 'सर्व्हर रूमसारखा' होता आणि पाऊस 'निऑनच्या उजेडासारखा'. आजीने सर्व्हर रूम बघितलेली नाही आणि निऑनमधला पाऊस, खरं सांगायचं तर, मीही नाही. उपमेय-उपमान शाळेत दोन मार्कांपुरतं पाठ केलं होतं, ते असं उलटलं.

या प्रकारच्या कादंबऱ्यांचा एक मूळपुरुष आमच्याच जातीचा, म्हणजे इंजिनियर. येवगेनी झाम्यातिन. जहाजबांधणी शिकलेला रशियन माणूस. १९१६-१७ मध्ये इंग्लंडात राहून बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करत होता. परत जाऊन १९२०-२१ च्या सुमारास त्याने 'आम्ही' लिहिली. छापून आली ती आधी इंग्रजीत, न्यूयॉर्कला, १९२४ साली. सोव्हिएत रशियात छापायला १९८८ उजाडलं!

त्यातली माणसं काचेच्या घरात राहतात. निवेदक डी-५०३ हा अंतराळयान बांधणारा गणिती. त्याला सगळं गणितासारखं दिसतं. एका बाईच्या चेहऱ्यावर त्याला न सुटलेला 'क्ष' दिसतो, आणि उणे एकाचं वर्गमूळ तर लहानपणापासून त्याच्या मानगुटीवर बसलेलं. मग हळूहळू घोटाळा होत जातो. दुसऱ्या एका बाईचे गाल त्याला माशाच्या कल्ल्यांसारखे दिसतात. गणिताबाहेरच्या असल्या उपमा सुचायला लागल्या की समजावं, गडी हातचा चालला. राज्यकर्त्यांनाही ते समजतं. ते शस्त्रक्रिया करून त्याची कल्पनाशक्तीच काढून टाकतात. शेवटच्या नोंदीत तो समाधानाने लिहितो की आता उपमा-रूपकं नाहीत, नुसती तथ्यं. आणि जिच्यावर प्रेम केलं तिचा छळ होताना शांतपणे बघत बसतो. अंगावर काटा येतो तो नेमका तिथे. (मला तर आमच्या हापिसातले बग रिपोर्ट आठवले. आमच्या गावाचा मुख्य उद्योगही नुसती तथ्यं लिहिण्याचाच. तरी सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द अजून जिवंत आहे, म्हणजे जमिनीला पोट असतं हे सरकारला मान्य आहे!)

ऑर्वेलने १९४६ मध्ये या पुस्तकावर परीक्षण लिहिलं, आणि १९४९ मध्ये त्याचं '१९८४' आलं. त्यात खिडक्यांतून डोकावणाऱ्या पोलिसी हेलिकॉप्टरला त्याने उपमा दिली आहे घोंघावणाऱ्या निळ्या माशीची. बास. एवढी मोठी सत्ता, आणि उपमा स्वयंपाकघरातल्या माशीची. ती माशी लंडनच्या प्रत्येक वाचकाने कधी ना कधी हाकललेली असणार, म्हणून हेलिकॉप्टर थेट त्याच्या घरात शिरतं.

आता आपल्याकडे या. ओरोसहून कुडाळ हाकेच्या अंतरावर. तिथे चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजेच आरती प्रभू, घरची खाणावळ सांभाळत होते. १९५९ मध्ये ते मुंबईला गेले. त्यांना कोणी डिस्टोपियावाला म्हणणार नाही. पण 'कोंडुरा' (१९६६) मध्ये मिळालेलं वरदानच माणसाला गिळत जातं. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कोंडुरा नावाची जागा खरीच आहे, म्हणजे भीतीला पत्ता आहे. आणि 'रात्र काळी, घागर काळी' (१९६२) हे नावच घ्या. शब्द विष्णुदास नाम्याच्या गौळणीतले. तिथे रात्र, घागर, यमुनेचं पाणी, अंगावरचे मोतीसुद्धा काळे होतात, कारण सगळं कृष्णमय झालंय; आनंदीआनंद आहे. तेच शब्द कादंबरीच्या कपाळावर येतात आणि काळ्याचा अर्थ फिरतो. यात 'सारखं' हा शब्दही नाही. घागर रोजची, पाणी भरायची, आणि ती रात्रीच्या रंगाची झाली, एवढंच. माझ्या मते मराठीत वातावरणनिर्मितीचा याहून स्वस्तातला धडा नाही.

असो. रविवारी सर्व्हर रूम खोडली. ड्रोनसाठी ऑर्वेलची माशी उचलायची लाज वाटली, म्हणून लिहिलं, 'भुंग्यासारखा ड्रोन खिडकीशी घुमत होता.' आजीला परत ऐकवलं.

"भुंगो कित्याक? भुंगो येता नि जाता," ती म्हणाली. "कुंभारीण म्हण."

कुंभारीण म्हणजे भिंतीला, दाराच्या चौकटीला मातीची घरटी करणारी माशी. ती अळीला मारत नाही. नांगी मारून लुळी करते, जिवंतच घरट्यात ठेवते, सोबत आपलं अंडं घालते आणि तोंड मातीने लिंपून टाकते.

गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लिहितोय.