मँचेस्टर : कापडानंतरचं शहर

शाळेत मँचेस्टर भेटलं ते स्वदेशीच्या धड्यात, होळीत जळणाऱ्या विलायती कापडाचं गाव म्हणून. तो धंदा बसल्यावर गावाचं काय झालं, हे पुस्तकात नव्हतं.

१८९४ साली कालवा खणून समुद्रापासून दूरच्या या शहराने जहाजं दारात आणली. शेजारच्या सॅलफर्डमधल्या त्या गोद्या १९८२ मध्ये बंद पडल्या; २०११ पासून तिथे बीबीसी आहे. अँकोट्सच्या गिरण्यांत फ्लॅट झाले. लोअर परळ पाहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

मला अधिक बोलकी वाटते ती ह्यूम वस्ती. जुन्या दाट घरांच्या रांगा पाडून १९७२ पर्यंत तिथे चार प्रचंड अर्धचंद्राकृती इमारती उठल्या, नावं थोर वास्तुविशारदांची! घरं उबदार ठेवायची ती विजेवर. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते बिल गरिबांना झेपेना. मग ओल आली, झुरळं आली. मुलंबाळं असलेली कुटुंबं थोड्याच वर्षांत बाहेर पडली. १९९० च्या दशकात तेही पाडलं. तीस वर्षांत एकाच जागी दोनदा पाडापाडी! दुसऱ्या वेळी मात्र रहिवाशांना विचारलं गेलं, आणि त्यांना हवे होते साधे रस्ते, रस्त्यावर उघडणारी दारं. मधेच तोडलेला स्ट्रेटफर्ड रोड १९९७ मध्ये कमानीच्या पुलाने पुन्हा जोडला गेला.