रंग कातडीवर, दोष कानात

माणसाने केलेल्या जीवशास्त्रीय प्रयोगांपैकी सर्वांत जुना प्रयोग म्हणजे पाळीव प्राण्यांची पैदास. कुत्रा, गाय, कोंबडी, कबूतर यांच्यावर तो हजारो वर्षे चालू आहे. कोणत्या गावच्या कोणत्या कोंबडीला पहिल्यांदा तुरा फुटला हे आज कोणी सांगू शकणार नाही. साप आणि पाली यांच्या बाबतीत मात्र परिस्थिती वेगळी आहे. रंगासाठी म्हणून त्यांची निवडून पैदास करण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपात गेल्या साठ-सत्तर वर्षांतच वाढला. त्यामुळे अमुक रंग कोणत्या साली आणि कोणत्या एका प्राण्यापासून आला, हे पुष्कळदा सांगता येते. आनुवंशिकता शिकवणाऱ्या शिक्षकांना हा इतिहास उपयोगी पडेल. त्यातला मुख्य प्रश्न केवळ मेंडेलच्या गणिताचा नाही. सुंदर रंगाबरोबर प्राण्याच्या वाट्याला दुखणे आले, तर पैदास करणाऱ्याने काय करावे, हा तो प्रश्न आहे.

डार्विनची मांजरे

या प्रश्नाची सुरुवात सापांपासून नव्हे, मांजरांपासून होते. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चार्ल्स डार्विनने एक गमतीचे निरीक्षण नोंदवले आहे. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरे बहुधा बहिरी असतात. शरीराचा एक भाग बदलला की त्याच्याबरोबर दुसराच एखादा भाग बदलतो, असे डार्विनचे म्हणणे होते. १८६८ साली त्याने पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यातील बदलांवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. त्यातही त्याने हा धागा पुढे नेला. पण केसांच्या रंगाचा कानाशी संबंध काय, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते.

योगायोग असा, की त्याच १८६८ साली विल्हेल्म हिस या स्विस शास्त्रज्ञाने कोंबडीच्या गर्भाचे निरीक्षण करताना पेशींचा एक पट्टा पाहिला. गर्भात पुढे ज्याचा मेंदू आणि मज्जारज्जू होतो, त्या नळीच्या कडेला हा पट्टा होता. आज त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. या पेशी एका जागी थांबत नाहीत. त्या गर्भभर पसरतात आणि जातील तेथे निरनिराळी कामे अंगावर घेतात. काहींच्या चेतापेशी होतात, काही चेहऱ्याच्या हाडांत जातात, आणि काहींच्या रंजकपेशी होतात. रंजकपेशी म्हणजे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी.

या रंजकपेशी फक्त त्वचेत असत्या तर गोष्ट तेथेच संपली असती. पण त्या आतल्या कानातही असतात. तेथील द्रवामधील क्षारांचा तोल राखण्यास त्या मदत करतात. तो तोल बिघडला, तर ध्वनीचे संदेश मेंदूकडे जात नाहीत. ज्या मांजराच्या अंगात या पेशी पोहोचल्याच नाहीत ते पांढरेही दिसते आणि बहिरेही होते. कारण एकच, परिणाम दोन. एका जनुकाचे असे अनेक परिणाम होणे ही अपवादात्मक घटना नाही, नेहमीची गोष्ट आहे. आपल्याला त्यातला एकच परिणाम डोळ्यांनी दिसतो, एवढेच.

एका त्वचारोगतज्ज्ञाचा साप

आता सापांकडे वळू. कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला लालसर-नारिंगी रंगाचा बिनविषारी साप. १९५३ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यात या जातीचा एक असा साप सापडला, की त्याच्या अंगावर काळा रंग अजिबात नव्हता. तो बर्नार्ड बेक्टेल यांच्याकडे आला. बेक्टेल हे व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ. त्वचेचा रंग हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने या वंशाची पद्धतशीर पैदास केली आणि १९६२ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. हा दोष अप्रभावी जनुकामुळे येतो, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियम सापालाही लागू पडत होता.

अप्रभावी जनुक म्हणजे काय हे वाचकांना माहीतच आहे. अशा सापाची जोडी साध्या सापाशी लावली, तर सर्व पिले साधीच दिसतात. पण प्रत्येकात तो जनुक लपलेला असतो. या पिलांची आपसांत जोडी लावली, की सरासरीने चारांत एक पिलू रंगहीन निघते.

येथेच पुढच्या व्यवसायाची किल्ली होती, आणि पुढच्या अडचणीचे बीजही. लपलेला जनुक पुन्हा दिसावा यासाठी भावाची बहिणीशी किंवा पिलाची पालकाशी जोडी लावावी लागते. यालाच अंतःप्रजनन म्हणतात. बेक्टेल यांच्यासाठी तो प्रयोगाचा भाग होता आणि त्यांची नोंदवही उघडी होती. नंतर आलेल्या अनेकांसाठी रंग हा विक्रीचा माल झाला. किती पिले अंड्यातच मेली, याची नोंद ठेवण्याचे कारण त्यांना उरले नाही.

स्मिगेहुकचे अ‍ॅडर

अंतःप्रजननाने सापांचे काय होते, याचा उत्तम दाखला पाळीव नव्हे, जंगली सापांमध्ये मिळाला. स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्यावर स्मिगेहुक येथे अ‍ॅडर सापांची एक लहानशी वस्ती आहे. अ‍ॅडर हा आपल्या घोणसाच्या कुळातला साप. घोणसाप्रमाणेच त्याचीही मादी अंडी न घालता पिले देते. या वस्तीभोवती शेती पसरल्याने बाहेरचे साप तेथे येऊ शकत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या नात्यातल्या नात्यात जोड्या जमत राहिल्या. मेलेली आणि व्यंग असलेली पिले मोठ्या प्रमाणात जन्माला येऊ लागली. वस्ती नष्ट होण्याच्या मार्गाला लागली.

१९९२ साली थॉमस मॅडसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या ठिकाणचे वीस नर अ‍ॅडर आणून तेथे सोडले. चार विणीचे हंगाम त्यांना राहू दिले आणि मग उरलेले नर परत नेले. काही वर्षांतच वस्तीतील सापांची संख्या झपाट्याने वाढली. १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. अंतःप्रजननाचे नुकसान भरून काढता येते. बाहेरचे रक्त आले, की लपलेले दोष पुन्हा झाकले जातात.

पण सगळेच दोष असे झाकले जात नाहीत. हे ज्या सापाने दाखवले, त्याची कथा त्याच दशकात सुरू झाली.

अजगराचे डोके का डुलते?

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान चणीचा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो, म्हणून हे नाव. शांत स्वभाव आणि बेताचा आकार यांमुळे तो छांदिष्टांचा आवडता झाला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो मोठ्या संख्येने परदेशी जाऊ लागला. १९९२ साली अमेरिकेत पाळीव जोडीपासून अल्बिनो बॉल पायथन पहिल्यांदा निपजला, आणि या जातीत नवनवे रंग शोधण्याची चढाओढच लागली.

१९९९ साली ‘स्पायडर’ नावाचा प्रकार निपजवण्यात आला. आफ्रिकेतून आलेल्या एकाच जंगली सापापासून हा वंश चालला. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषा, आणि रंग उजळ सोनेरी. याचा जनुक प्रभावी होता. म्हणजे एका पालकात तो असला तरी सुमारे निम्मी पिले स्पायडर निघत. व्यापाराच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचे काय असणार? त्याचा इतर रंगांशी संकर करून अनेक नवे प्रकार बाजारात आले.

पण या सापांचे डोके डुलत असे. कुणाचे थोडे, कुणाचे फार. काही साप मान पिळून डोके उलटे धरत. काही भक्ष्यावर झडप घालताना नेम चुकत. अंग उलटे झाले तर काहींना ते लवकर सरळ करता येत नसे. पैदासकारांचे उत्तर ठरलेले असे : तो खातो, वाढतो, अंडी घालतो, मग त्याला त्रास आहे असे कशावरून म्हणायचे? दुसरे उत्तर असे, की हा अंतःप्रजननाचा परिणाम असेल. नात्याबाहेर जोड्या लावल्या की जाईल.

हे दुसरे उत्तर तपासण्याजोगे होते, आणि ते नकळत तपासले गेले. वर्षानुवर्षे स्पायडरची जोडी नात्यात नसलेल्या सापांशी लावली गेली. डोके डुलायचे काही थांबले नाही. ज्या पिलावर जाळीची नक्षी होती त्याचे डोके डुलत होते; त्याच वीणीतल्या साध्या पिलाचे डुलत नव्हते. स्मिगेहुकचा उपाय येथे लागू पडला नाही. नक्षी आणि दोष या दोन गोष्टी नव्हत्याच.

२०२२ साली जर्मन संशोधकांनी सूक्ष्म क्ष-किरण चित्रण वापरून या सापांचा आतला कान तपासला. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या खालची पिशवी यांची घडणच त्यांच्यात बिघडलेली होती. डार्विनच्या मांजरांप्रमाणे येथेही रंग कातडीवर आणि दोष कानात होता. या शोधाच्या आधीच, २०१८ साली, ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या प्रदर्शनांत स्पायडर सापांच्या विक्रीवर बंदी घातली होती. म्हणजे पहिल्या पिलापासून या निर्णयापर्यंत एकोणीस वर्षे गेली.

लिंबू रंगाची पाल

लेपर्ड गेको ही अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातली, जमिनीवर राहणारी ठिपकेदार पाल. तिची एक जवळची भावंड-जात आपल्या महाराष्ट्रातही आढळते. लेपर्ड गेकोची पैदास जगभर होते. २०१५ साली अमेरिकेत तिचा लिंबासारखा पिवळा आणि पांढरट झाक असलेला प्रकार निघाला. त्याला ‘लेमन फ्रॉस्ट’ म्हणू लागले. या वंशाच्या मूळ नराचे नाव मिस्टर फ्रॉस्टी.

पांढरेपणाचे कारण असे. पालीच्या त्वचेत काही रंजकपेशी रंगद्रव्य न बनवता ग्वानिनचे बारीक स्फटिक साठवतात आणि प्रकाश परावर्तित करतात. डीएनएमधले एक अक्षर म्हणून आपण शिकतो तेच हे ग्वानिन. लेमन फ्रॉस्टमध्ये या पेशी फार वाढतात, आणि वाढतच राहतात. या प्रकारच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक पालींना पुढे त्वचेत पांढऱ्या गाठी येतात. काहींमध्ये त्या यकृतापर्यंत पसरतात. सुंदर रंग ही कर्करोगाची पहिली पायरी होती.

पण या कथेचा शेवट वेगळा झाला. मिस्टर फ्रॉस्टीच्या कॅलिफोर्नियातील मालकाने गाठी दिसताच प्राणी पशुवैद्याला दाखवले, या वंशाची पैदास थांबवली, आणि जोड्यांच्या नोंदी व पिलांचे नमुने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संशोधकांना दिले. लाँगह्वा ग्वो आणि लिओनिद क्रुग्ल्याक यांच्या गटाने २०२१ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि ‘स्पिंट-१’ या जनुकाकडे बोट दाखवले. हा जनुक माणसातही असून गाठींची वाढ रोखण्याशी त्याचा संबंध आहे. पैदासकाराची वही नीट नसती, तर हे शोधणे फार कठीण झाले असते.

जबाबदारी म्हणजे काय?

या कथांतून दोन प्रकारचे नुकसान दिसते. एक नात्यातल्या जोड्यांमुळे होणारे, दुसरे खुद्द हव्या असलेल्या रंगाच्या जनुकामुळेच होणारे. दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यावर उपाय नवे रक्त आणण्याचा, दुसऱ्यावर थांबण्याचा. दुसऱ्या प्रकाराला पहिल्याचे औषध देत राहणे हे सर्वांत सामान्य बेजबाबदार वर्तन. हा फरक कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मेलेल्या पिलांसकट सर्वांची नोंद, एकाच वीणीतल्या रंगीत आणि साध्या पिलांची तुलना, आणि फक्त कातडीकडे न पाहता सबंध प्राण्याकडे पाहण्याची सवय, एवढे पुरते.

यात आणखी एक हिशेब आहे, तो आयुष्याचा. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या एका बॉल पायथनने २०२० साली, वयाची साठी उलटल्यावर, अंडी घातली. पाळलेला साप दशकानुदशके जगू शकतो. म्हणून पिलू जन्माला घालतानाच त्याला कोण सांभाळणार, हे ठरलेले असावे लागते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपले जंगली साप आणि घोरपडी घरी पाळता येत नाहीत. परदेशी प्राण्यांसाठी या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आंतरराष्ट्रीय करारातील यादीत असलेले प्राणी, ज्यात बॉल पायथनही येतो, बाळगणाऱ्याला आता त्यांची नोंदणी करावी लागते. कायद्यामुळे प्राणी कोणाकडे आहे ते कळते. तो सुखात आहे की नाही, हे मात्र पाहणाऱ्यालाच ओळखावे लागते.

रंगीत सापांची चित्रे घेऊन मेंडेलचे नियम शिकवणे मुलांना आवडते, आणि ते शिकवावेतही. फक्त फळ्यावर चारांत एक, दोनांत एक असे गणित सुटले, की मुलांना आणखी एक प्रश्न विचारावा : या जनुकाने रंगाशिवाय आणखी काय काय बदलले असेल, आणि ते आपण कसे शोधाल?