खाडीपलीकडचा स्वर : संगीतभूषण पं. राम मराठे

कळवा आणि ठाणे यांच्यामध्ये खाडी आहे. तथापि १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि खाडीचे दोन्ही काठ एकाच नगराचे झाले. त्यामुळे महानगरपालिका संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ जो संगीत समारोह भरवीत आली आहे, तो जितका ठाणेकरांचा, तितकाच कळवेकरांचाही होय.

राम मराठे यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२४ रोजी पुण्यात झाला. त्यांचे बालपण हा महाराष्ट्राच्या रंगभूमीचा पडता काळ होता. १९३१-३२ मध्ये बोलपट आले आणि संगीत नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक तिकडे वळला. स्वतः राम मराठे बालवयात बोलपटातच चमकले. प्रभातच्या ‘गोपालकृष्ण’ (१९३८) मध्ये ते कृष्ण झाले, तर ‘माणूस’ (१९३९) मध्ये चहावाला पोऱ्या. ज्या माध्यमाने संगीत रंगभूमीचा प्रेक्षक ओढून नेला, त्याच माध्यमातून पुढे आलेल्या या मुलाने नंतर त्या रंगभूमीला आपला गळा द्यावा, हा इतिहासातील एक सुंदर योगायोग म्हटला पाहिजे.

त्यासाठी केलेली साधना मोठी होती. मिराशीबुवांकडून ग्वाल्हेरची तालीम, मास्टर कृष्णरावांचा सहवास, जगन्नाथबुवा पुरोहित आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून आग्रा घराण्याची विद्या असे विविध संस्कार त्यांनी आत्मसात केले. एकाच घराण्याच्या कुंपणात ते राहिले नाहीत. जेथे गुण दिसला, तेथे शिष्यभावाने गेले.

या साधनेचे फळ रसिकांना १९६३ मध्ये विद्याधर गोखले यांच्या ‘मंदारमाला’ नाटकात लाभले. त्याचे संगीतही मराठे यांचेच. प्रसाद सावकार यांच्यासमवेत त्यांनी गायिलेली अहीर भैरव रागातील शिवस्तुतीची जुगलबंदी आजही जुन्या रसिकांच्या कानांत घुमते. ज्यांनी कधी मैफलीची पायरी चढली नव्हती, अशा सामान्य प्रेक्षकांपर्यंत नाट्यपदांच्या वाटेने रागसंगीत पोहोचले. हे त्यांचे खरे सामाजिक कार्य होय.

उत्तरायुष्यात ठाणे ही त्यांची कर्मभूमी झाली. मिळविलेली विद्या त्यांनी पुढील पिढीस मुक्तहस्ते दिली. आजचे अग्रणी गायक पं. उल्हास कशाळकर हे त्यांचे शिष्य. कशाळकरांना डोंबिवलीनिवासी गजाननबुवा जोशी यांचेही मार्गदर्शन लाभले, यावरून या खाडीकाठच्या परिसराने हिंदुस्थानी संगीतास काय दिले आहे, याची कल्पना येते.

४ ऑक्टोबर १९८९ रोजी मराठे यांचे निधन झाले. कलावंताचा पुतळा उभारता येतो. पण पुतळा गात नाही. नगराने त्यांच्या नावे गाणेच चालू ठेवले, हे उचितच झाले. समारोहात ज्येष्ठांच्या बरोबरीने नवोदितांनाही व्यासपीठ मिळते, आणि अनेक गुरूंकडून घेऊन अनेक शिष्यांना देण्याचा मराठे यांचा धर्म तेथे पाळला जातो. २०२४ मध्ये त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली. आता हा वारसा श्रोत्यांच्या हाती आहे, कारण ऐकणारे उरले नाहीत तर मोठ्यातला मोठा समारोहही मुका होतो. कळव्याच्या प्रत्येक घरातून एखादे मूल बोट धरून त्या सभागृहात नेले जावे, हीच या स्वरतपस्व्यास खरी आदरांजली ठरेल.