कर्नाटकातील लोहखनिज प्रकरण व पक्षशुद्धीचा प्रश्न

लोहखनिज प्रकरण, कर्नाटक : बळ्ळारी व तिच्या लगतच्या जिल्ह्यांतील लोहखनिजाचे बेकायदा उत्खनन, वहन आणि निर्यात यांविषयी कर्नाटकाच्या लोकायुक्तांनी केलेल्या चौकशीतून उघडकीस आलेले, आणि मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्या ३१ जुलै २०११ च्या राजीनाम्यास कारण झालेले राजकीय प्रकरण. भारतीय जनता पक्षाचे दक्षिणेतील पहिलेच सरकार या प्रकरणाने खिळखिळे झाले. लांछन लागलेल्या पक्षाला स्वतःची शुद्धी करता येते काय, आणि त्याने ती केली हे ओळखावे कशावरून, या प्रश्नाचा विचार करण्यास या प्रकरणाइतके विपुल साहित्य अर्वाचीन काळात दुसरीकडे क्वचितच सापडेल. म्हणून प्रस्तुत नोंदीत प्रकरणापेक्षा त्याच्या उत्तरकालाला अधिक जागा दिली आहे.

चालू शतकाच्या आरंभी चीनची पोलादाची भूक वाढली आणि लोहखनिजाचे भाव काही वर्षांतच अनेक पटींनी चढले. बळ्ळारी, संडूर व होसपेटे या टापूतील ज्या टेकड्यांवर पूर्वी मंदगतीने काम चाले तेथे रात्रंदिवस यंत्रे फिरू लागली, आणि खाणींतून आलेला पैसा थेट निवडणुकांत उतरला. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपला २२४ पैकी ११० जागा मिळाल्या. बहुमताला तीन उणे पडले. ती उणीव अपक्षांच्या पाठिंब्याने आणि नंतर विरोधी आमदारांकडून राजीनामे देववून, त्यांनाच आपल्या चिन्हावर पुन्हा निवडून आणण्याच्या तजविजीने भरून काढण्यात आली. या तजविजीला लोकांनी ‘ऑपरेशन कमळ’ असे नाव दिले. बळ्ळारीचे जनार्दन रेड्डी व त्यांचे बंधू या सरकारचे आधारस्तंभ होते, आणि आधार देणाऱ्याचा शब्द मोडता येत नाही हे नोव्हेंबर २००९ मध्ये दिसून आले. रेड्डी गटाने आमदार हैदराबादेस नेऊन ठेवले, आणि मुख्यमंत्र्यांना आपल्या विश्वासातील मंत्री शोभा करंदलाजे यांना मंत्रिमंडळातून वगळून तडजोड करावी लागली.

खनिजाची एक वाट हुबळीवरून जात होती. बळ्ळारी, होसपेटे, गदग, हुबळी, यल्लापूर असा पूर्वपश्चिम रस्ता अंकोल्याजवळ समुद्राला मिळतो, आणि तेथेच बेलिकेरी हे लहानसे बंदर आहे. त्या काळी या मार्गावरून मालाने भरलेल्या ट्रकांची रांग तुटत नसे, घाटातील रस्ता पार उखडून गेला होता, आणि लाल धुळीने झाडांची पानेही रंगली होती. प्रत्येक गाडीबरोबर वनखात्याचा वाहतूक परवाना असावा असा दंडक होता. परंतु परवान्यावर लिहिलेले वजन आणि गाडीत भरलेले वजन यांत मेळ नसे, आणि पुष्कळ गाड्यांपाशी खरा परवानाच नसे. मार्च २०१० मध्ये वनाधिकाऱ्यांनी बेलिकेरी बंदरात सुमारे ८ लक्ष टन खनिज जप्त केले, आणि त्यांपैकी सुमारे ५ लक्ष टन सरकारी जप्तीत असतानाच जहाजांवर चढून परदेशी गेले. जप्ती ज्या कार्यक्षेत्रात झाली तेथील उपवनसंरक्षकावर निलंबनाची पाळी आली, तेव्हा लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांनी जून २०१० मध्ये निषेधार्थ राजीनामा दिला, आणि लालकृष्ण अडवाणी यांच्या विनंतीवरून तो परत घेतला. बंदरातील या एका घटनेत सगळे प्रकरण सामावलेले आहे : जप्तीचा कागद शासनाच्या दफ्तरात शाबूत आणि जप्त माल समुद्रापार.

हेगडे यांनी आपला अखेरचा अहवाल २७ जुलै २०११ रोजी सादर केला. राज्याच्या तिजोरीचे नुकसान त्यात १६,००० कोटी रुपयांहून अधिक धरले होते. मुख्यमंत्र्यांच्या कुटुंबीयांच्या न्यासाला एका खाण कंपनीकडून मिळालेली १० कोटी रुपयांची देणगी, आणि कुटुंबाच्या जमिनीची फार मोठ्या किमतीला झालेली विक्री, यांवर अहवालाने बोट ठेवले. न्यायाच्या दृष्टीने येथेच हेही नोंदविले पाहिजे की मार्च २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने अहवालावरून दाखल झालेली फिर्याद रद्द केली, आणि पुढे सी.बी.आय.च्या खटल्यातून विशेष न्यायालयाने २६ ऑक्टोबर २०१६ रोजी येडियुरप्पा यांची निर्दोष मुक्तता केली. खाणकामाला खरा आळा घातला तो सर्वोच्च न्यायालयाने. त्याने जुलै २०११ च्या अखेरीस बळ्ळारीत, पुढच्याच महिन्यात चित्रदुर्ग व तुमकूर येथे उत्खनन थांबविले आणि १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वाधिक उल्लंघन करणाऱ्या खाणींचे पट्टे रद्द केले. हे आदेश ज्या याचिकेवर झाले तिची अर्जदार समाज परिवर्तन समुदाय ही धारवाडची संस्था होती आणि तिचे एस. आर. हिरेमठ यांनी हा लढा चिकाटीने चालविला, ही गोष्ट या भागाला भूषणास्पद आहे.

पक्षाने काय केले? अध्यक्ष नितीन गडकरी यांच्या नेतृत्वाखालील श्रेष्ठींनी राजीनामा मागितला आणि तो मिळविला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. उत्तराधिकारी निवडण्यासाठी आमदारांचे गुप्त मतदान घेण्यात आले, हीही आपल्याकडील पक्षांत विरळा घडणारी गोष्ट. परंतु त्या मतदानात उभे होते ते दोन गट : येडियुरप्पांचे उमेदवार सदानंद गौडा आणि प्रतिपक्षाचे जगदीश शेट्टर. गौडा निवडून आले. वर्ष उलटण्याच्या आतच येडियुरप्पांचे त्यांच्याशी बिनसले आणि जुलै २०१२ मध्ये शेट्टर त्याच येडियुरप्पांच्या पाठिंब्याने मुख्यमंत्री झाले. खाणीचा पैसा पक्षात कोणत्या मार्गाने आला, उमेदवारी कोणत्या निकषावर दिली गेली, यांची चौकशी पक्षाने आपल्या घरात केल्याचे दिसत नाही. येडियुरप्पा बाहेर पडले आणि डिसेंबर २०१२ मध्ये हावेरी येथे कर्नाटक जनता पक्ष स्थापून मोकळे झाले. रेड्डी गटातील श्रीरामुलू यांनी आपला वेगळा पक्ष आधीच काढला होता. २०१३ च्या निवडणुकीत भाजप ४० जागांवर आला. येडियुरप्पांच्या पक्षाला ६ जागा मिळाल्या, परंतु त्याने घेतलेली सुमारे दहा टक्के मते भाजपला भोवली, आणि जानेवारी २०१४ मध्ये येडियुरप्पा स्वगृही परतले, पुढे श्रीरामुलूही आले. मे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत २८ पैकी १७ जागा मिळाल्या, तेव्हा शुद्धीचा विषय पक्षात कोणी पुन्हा काढला नाही.

या इतिहासात हुबळीचा वाटा विलक्षण आहे.  हुबळी व धारवाड या जोडशहराशी निगडित तीन पुरुष कर्नाटकाचे मुख्यमंत्री झाले, आणि तिघेही पूर्ववर्ती मुख्यमंत्री मुदतीपूर्वी पायउतार झाल्यामुळे आले : १९८८ मध्ये एस. आर. बोम्मई, २०१२ मध्ये शेट्टर, आणि २०२१ मध्ये बोम्मई यांचे पुत्र बसवराज. शेट्टर पहिल्यांदा आमदार झाले ते १९९४ मध्ये हुबळी ग्रामीण मतदारसंघात याच बसवराज बोम्मई यांना हरवून. कालांतराने दोघेही एकाच पक्षात आले. गोत्यात आलेल्या पक्षाने स्वच्छ व सौम्य प्रतिमेचा माणूस पुढे करावा आणि तो येथून मिळावा, हा योग पुनःपुन्हा जुळला. माणूस सज्जन असणे ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या आमदारांच्या व ज्या पैशाच्या बळावर तो गादीवर बसतो ते तेच राहिले असतील तर त्याच्या सौजन्याला हात बांधूनच कारभार करावा लागतो.

थोरल्या बोम्मईंचे उदाहरण या दृष्टीने अवलोकनीय आहे. रामकृष्ण हेगडे यांचा जनता पक्ष मूल्याधिष्ठित राजकारणाची घोषणा करीत १९८३ मध्ये सत्तेवर आला. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत पराभव होताच हेगडे यांनी राजीनामा देऊन नवा कौल मागितला, आणि १९८५ मध्ये १३९ जागा जिंकल्या. दूरध्वनींवर चोरून पाळत ठेवल्याच्या प्रकरणात ऑगस्ट १९८८ मध्ये त्यांनी पद सोडले. बोम्मई आले, आणि एप्रिल १९८९ मध्ये त्यांचे सरकार केंद्राने बरखास्त केले. त्या बरखास्तीविरुद्धच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च १९९४ रोजी दिलेला निर्णय घटनेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. १९८९ च्या निवडणुकीत मात्र या पक्षाच्या नव्या रूपाला, जनता दलाला, अवघ्या २४ जागा मिळाल्या. तरी त्या पक्षाच्या खाती एक स्थावर ठेव राहिली : १९८४ चा लोकायुक्त कायदा. महाराष्ट्राने असा कायदा १९७१ मध्येच केला होता, परंतु तेथील लोकायुक्तापाशी स्वतःचे पोलीस नव्हते. कर्नाटकाच्या लोकायुक्ताला ते मिळाले, म्हणून त्याचा शब्द कागदावर विरला नाही. सत्ताधाऱ्याने आपल्याच डोक्यावर टांगलेली ही तलवार होती, आणि पक्षशुद्धीचा याहून भरीव पुरावा प्रस्तुत लेखकाला कर्नाटकाच्या इतिहासात आढळत नाही.

म्हणून ज्या दफ्तराने पक्षाला पकडले त्या दफ्तराची त्याने पुढे काय वास्तपुस्त केली, यावरून त्याची परीक्षा करावी. लोकायुक्त संतोष हेगडे निवृत्त झाल्यावर आलेले न्यायमूर्ती शिवराज पाटील यांनी भूखंडाच्या वादामुळे सप्टेंबर २०११ मध्ये पद सोडले, आणि फेब्रुवारी २०१३ पर्यंत, म्हणजे भाजपच्या उर्वरित कारकीर्दीचा बहुतेक काळ, लोकायुक्ताची खुर्ची रिकामी होती. २०१० मध्ये बंगळूरहून बळ्ळारीपर्यंत पदयात्रा काढून, खाणींच्या लुटीविरुद्ध रान उठवून सिद्धरामय्या यांच्या काँग्रेसने २०१३ मध्ये १२२ जागा जिंकल्या. मध्यंतरी लोकायुक्ताच्या कार्यालयातच खंडणीचे प्रकरण निघून लोकायुक्त वाय. भास्कर राव यांना डिसेंबर २०१५ मध्ये जावे लागले, हे खरे. परंतु रोगावर उपाय म्हणून मार्च २०१६ मध्ये काँग्रेस सरकारने जे केले ते रोग्याचे हात तोडण्यासारखे होते. त्याने लाचलुचपत प्रतिबंधक विभाग निराळा उभारला, तो शासनाच्या ताब्यात ठेवला, आणि लोकायुक्त पोलिसांचे तपासाचे अधिकार काढून घेतले. २०१९ मध्ये परत सत्तेवर आलेल्या भाजपने तो विभाग तसाच चालू ठेवला. तो मोडला ११ ऑगस्ट २०२२ रोजी उच्च न्यायालयाने.

तोवर बसवराज बोम्मई यांच्या कारकीर्दीला एक नवे नाव चिकटले होते. सरकारी कामात ४० टक्के दलाली द्यावी लागते अशी तक्रार राज्याच्या कंत्राटदार संघाने पंतप्रधानांना लिहून केली. एप्रिल २०२२ मध्ये बेळगावच्या एका कंत्राटदाराच्या आत्महत्येनंतर मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांनी राजीनामा दिला. पोलिसांना त्यांच्याविरुद्ध पुरावा आढळला नाही, पण ‘चाळीस टक्के’ हे शब्द घरोघरी पोहोचले होते. हुबळी व धारवाड यांच्या दरम्यान अमरगोळ येथे असलेल्या कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात माल विकणाऱ्याच्या हाती पट्टी पडते आणि तीत वजन, दर, हमाली, तोलाई लेखी असते. राजकीय पक्ष आपल्या सभासदाला असली पट्टी कधीच देत नाही, आणि कायदाही त्याला तशी सक्ती करीत नाही, कारण खर्चाची मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. ऑपरेशन कमळ २०१९ मध्ये पुन्हा झाले : १७ आमदार अपात्र ठरले आणि डिसेंबरातील १५ पोटनिवडणुकांत भाजपने १२ जागा जिंकल्या. २००८ ची रीत, तीच पुन्हा, अधिक मोठ्या प्रमाणात.

२०२३ मध्ये भाजप ६६ जागांवर उतरला. उमेदवारी नाकारली म्हणून शेट्टर काँग्रेसमध्ये गेले, हुबळीत पराभूत झाले, जानेवारी २०२४ मध्ये परत आले आणि बेळगावचे खासदार झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये जनार्दन रेड्डी यांनीही आपला पक्ष भाजपमध्ये विलीन केला.

काँग्रेसची कसोटीही याच काळात लागली. मैसूरच्या भूखंडवाटपाबाबत मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांची चौकशी न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्याच राज्याच्या लोकायुक्त पोलिसांकडे आली, त्यांनी राजीनामा दिला नाही, आणि पोलिसांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरावा नसल्याचा अहवाल दिला. बेलिकेरीच्या गायब खनिजाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कारवारचे काँग्रेस आमदार सतीश सैल यांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१८ व २०२३ अशा दोन्ही निवडणुकांत, हा खटला उभा असताना, त्यांना उमेदवारी दिली होती ती बळ्ळारीपर्यंत पायी चालत गेलेल्या पक्षाने.