नाक जोडणारा कुंभार आणि चरबी उपसणारी नळी

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. त्यातली हकीकत होती आपल्या पुण्याजवळची. टिपूशी १७९२ साली झालेल्या युद्धात कावसजी नावाचा एक मराठा इंग्रजी फौजेचे बैल हाकीत असे. (नाव पारशी वळणाचे, माणूस मात्र शेतकरी, साहेबाच्या कानांनी काय ऐकले असेल ते असो!) तो टिपूच्या हाती सापडला आणि नाक व एक हात गमावून परत आला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग वीट पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने, आपण त्याला कुंभार म्हणू, त्याला नवे नाक लावून दिले.

कृती ऐकण्यासारखी आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून माप घ्यायचे. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन डोळ्यांमधली चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही. वर काताचा लेप दिलेल्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या. सुमारे २५ व्या दिवशी ती पट्टी तोडायची. तोवर तिच्यातून रक्त येत राही, म्हणून कातडी जगे. त्या कुंभाराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही, पण रक्त तोडले की मांस मरते हे त्याला पक्के ठाऊक होते. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू याने लंडनमध्ये याच रीतीने नाक केले, आणि युरोपात या विद्येला नवा जन्म मिळाला.

कावसजीची गरज उघड होती. धडधाकट शरीरावर केवळ आकारासाठी सुरी चालवण्याची गोष्ट फार पुढची. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये दुजारिए नावाच्या शल्यवैद्याने एका नर्तकीच्या पायाची चरबी खरवडून काढली. रक्तवाहिनी दुखावली, पाय सडला, तो कापावा लागला. नर्तकीचा पाय, वाचकहो! त्यानंतर कित्येक वर्षे या वाटेला सहसा कोणी गेले नाही.

सत्तरीच्या दशकात रोमच्या फिशर पितापुत्रांनी पोकळ नळीने चरबी ओढून काढली. १९७७ च्या सुमारास पॅरिसच्या इलूझने बोथट टोकाची नळी वापरून आधी खारे पाणी टोचण्याची युक्ती काढली. पुढे कॅलिफोर्नियाच्या क्लाइनने त्या पाण्यात बधिरतेचे औषध आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे औषध मिसळले. रक्तस्राव पुष्कळ कमी झाला. सुधारणा खरी, हे मान्य केले पाहिजे.

तरीही नळी कातडीखाली न दिसता फिरते. ती पोटाचा पडदा भेदून आतड्यात शिरू शकते. बधिरतेचे औषध प्रमाणाबाहेर गेले तर हृदयावर येते. चरबीचे कण रक्तात मिसळून फुप्फुसात अडकतात. पायात गुठळी होऊन तीही तिकडेच धाव घेते. पाच लिटरांहून अधिक उपसले की अंगातल्या पाण्याचा तोल सांभाळणे अवघड होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन शल्यवैद्यांच्या पाहणीत लाखामागे सुमारे १९ मृत्यू आढळले आणि त्यांत फुप्फुसात गेलेल्या गुठळीचा वाटा सर्वांत मोठा होता. आकडा लहान वाटेल. पण येणारी माणसे आजारी नसतात, हे विसरू नये.

शिवाय हा लठ्ठपणावरचा इलाजही नव्हे. २००४ साली अमेरिकेत पंधरा स्थूल स्त्रियांची सुमारे दहा किलो चरबी काढून पाहिली. रक्तदाब आणि साखरेच्या लक्षणांत काही फरक पडला नाही. आतड्यांभोवतीची चरबी नळीच्या आवाक्याबाहेरच राहते.

आमच्या शिरूर-दौंडकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पुणे येथून सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. शस्त्रक्रिया तिथे होते, पण गुठळी पुष्कळदा घरी परतल्यावर काही दिवसांनी डोके वर काढते. तेव्हा एक पोटरी सुजली, छातीत कळ आली, धाप लागली किंवा पोट फुगून ताप चढला, तर “दगदग झाली असेल” म्हणून सुनेला किंवा लेकीला निजवून ठेवू नये. सकाळच्या गाडीची वाटही पाहू नये. त्याच घटकेला जवळच्या इस्पितळात न्यावे आणि चरबी काढल्याचे न लाजता सांगावे. ते कळले नाही तर डॉक्टर भलतीकडेच शोध घेत बसतील.