रियाजाचा खर्च कोणी उचलला?

मुलाला गाण्याच्या क्लासला घालायला आलेले पालक फीच्या आधी एक गोष्ट विचारतात, "बाई, किती वर्षं लागतील?" अलीकडे त्यांना दहा हजार तासांचा आकडाही पाठ असतो. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर एक संशोधन झालं, ते १९९३ मध्ये छापून आलं. २००८ मध्ये एका खपाऊ इंग्रजी पुस्तकाने तो आकडा उचलला आणि आता तो मिरजेत माझ्या सतरंजीवर येऊन बसला आहे. मुळात ती अकादमीतल्या उत्तम विद्यार्थ्यांनी विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या मेहनतीची सरासरी होती. रोज तीन तास धरले तर नऊ वर्षांच्या थोडं वर जातं. हिशेबाशी माझं भांडण नाही. पण आमच्या भागातल्या गवयांची चरित्रं वाचताना मला दुसराच हिशेब दिसत राहतो. ती नऊ-दहा वर्षं त्यांना जेवायला कोण घालत होतं?

ग्वाल्हेरचा ख्याल महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १८४९ चे. आई लहानपणीच गेली आणि मुलगा गाण्यापायी घराबाहेर पडला. धारला देवजीबुवा परांजप्यांकडे शिकायला राहिला, पण गुरुपत्नीला तो घरात नकोसा झाला आणि तालीम तुटली. गुरूची मर्जी असून भागत नसे, स्वयंपाकघराचीही लागे. पुढे वासुदेवबुवा जोशी भेटले, म्हणून ग्वाल्हेरची विद्या हाती लागली.

त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, तेव्हा मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना बुवांच्या हाती सोपवलं आणि खर्चाचा भार उचलला. म्हणजे पलुस्करांचा रियाज दरबारच्या पैशावर झाला. त्यांना ते पुढे खुपलं असावं. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ते चालायचं ते लोकांच्या फीवर, देणग्यांवर आणि त्यांच्या स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. संगीतशिक्षक घडवणाऱ्या उपदेशक वर्गातल्या मुलांना राहणं-जेवणं संस्थेचं, त्या बदल्यात ठरावीक वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून द्यायचं. पुढे कर्जापायी मुंबईची इमारत गेली. पलुस्करांनी रियाजाचा खर्च राजाकडून काढून समाजावर सोपवला होता. समाजाने टाळ्या भरपूर दिल्या.

तिसरी सोय नाटक कंपनीची. भास्करबुवा बखले किर्लोस्कर मंडळीत पोरवयात गात होते. गोड गळा होता तोवर जेवण, कपडा, कौतुक सगळं होतं. वयात येताना आवाज फुटला आणि कौतुक आटलं. कंपनीला गळा हवा होता, गळ्याचा मालक नव्हे. बुवा बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे गेले, मग आग्रा घराण्याच्या नत्थन खाँकडे, मग अल्लादिया खाँकडे. तीन घराण्यांची तालीम एका गळ्यात उतरवेपर्यंत पोट धरायला हवं होतं, म्हणून मध्ये धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीत शिक्षकाची नोकरीही केली. त्या पगाराचा उल्लेख त्यांच्यावरच्या गौरवलेखांत फार कोणी करत नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो.

अल्लादिया खाँचं नाव आलंच आहे तर एक सांगून टाकते, कारण तास मोजणाऱ्यांनी ते ऐकायला हवं. तरुणपणी आमलेटा संस्थानात राजाच्या हौसेखातर त्यांना इतकं गावं लागलं की आवाज बसला. परत आला तो पहिला आवाज नव्हता. त्या भारी, मर्यादित आवाजाला पेलेल अशी वळणदार, वक्र तानांची गायकी त्यांनी घडवली. आपण जिला जयपूर-अत्रौली म्हणतो, ती अशी जास्तीच्या गाण्याने मोडलेल्या गळ्यातून आली. मेहनत करणारे तेच, पण वेळापत्रक यजमानाचं होतं.

कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी स्थिरावल्यावर आणि पुढे मुंबईत खाँसाहेबांनी ज्यांना शिकवलं, त्यांत गोव्याच्या कलावंत समाजातल्या दोघी होत्या. केसरबाई केरी गावच्या, मोगूबाई कुर्डी गावच्या.

केसरबाईंची आधीची तालीम तुकड्यातुकड्यांची. थोडी अब्दुल करीम खाँकडे, थोडी वझेबुवांकडे, थोडी भास्करबुवांकडे. दरवेळी गुरू किंवा गाव बदले आणि धागा तुटे. अल्लादिया खाँ शिकवायला राजी नव्हते. राजी झाले तेव्हा मोठी रक्कम आणि दरमहा वेतन अशा अटी होत्या. केसरबाईंच्या पाठीशी मुंबईतला सधन आश्रय होता, म्हणून त्या पुऱ्या झाल्या. १९२१ मध्ये शिष्यत्वाचा गंडा बांधला, तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या आणि मैफलींत गात होत्या. तरीही त्या पहिल्यापासून शिकायला बसल्या. खाँसाहेब १९४६ मध्ये गेले, तोवर हे चाललं.

मोगूबाईंकडे तो पैसा नव्हता. लहानपणी नाटक कंपन्यांत काम केलं, आई लवकर गेली. पुढे त्या सांगलीत राहत होत्या. खाँसाहेबही औषधपाण्यासाठी सांगलीत आले होते. त्यांनी रस्त्यावरून जाताना मोगूबाईंचा आवाज ऐकला आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. पण खाँसाहेब मुंबईला गेले आणि तालीम खुंटली. मोगूबाई मागोमाग मुंबईत आल्या, तरी ती सलग मिळेना. मग आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, मग खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे. स्वतः खाँसाहेबांचा गंडा बांधला गेला तो १९३४ मध्ये. तोवर त्यांना मुलगी झाली होती. पुढे पती गेले आणि तीन मुलांचं घर बैठकांच्या बिदागीवर चालू लागलं. थोरली किशोरी आईच्या मागे तंबोऱ्यावर बसायची.

या दोघींच्या गाण्यात उजवी कोण, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. मी पडत नाही. पण एकीला गुरूचा वेळ विकत घेता आला आणि दुसरीला तो वेचत फिरावं लागलं, एवढं ध्यानात ठेवून दोघींच्या रेकॉर्ड ऐकते. मोगूबाईंच्या लयीतली ती करडी शिस्त मला वेळेची किंमत ठाऊक असलेल्या बाईची वाटते.

संस्थानं गेली, नाटक कंपन्या बुडाल्या. काही काळ आकाशवाणीने गवयांना हात दिला. १९५२ नंतर केसकर नभोवाणी मंत्री असताना ऑडिशन आणि श्रेणी आल्या, आणि गाण्याला महिन्याचं पाकीट मिळू शकतं हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. परीक्षांचं जाळं तर पलुस्करांच्या शिष्यांनी आधीच विणलं होतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा. त्या देणारे पुष्कळ आणि त्यांतले गवई थोडे, म्हणून हे जाळं फसलं असं लोक म्हणतात. मला उलट वाटतं. पहाटे उठून मी खर्ज लावते, दुपारी पलटे घोटते आणि संध्याकाळी पाचपासून प्रवेशिकेची पोरं येतात. माझ्या रियाजाचे संस्थानिक तेच आहेत, महिन्याच्या पाच तारखेपर्यंत फी भरणारे. त्यांतले बहुतेक दहावीला गाणं सोडतात, आणि जागा रिकामी झाली की लगेच दुसरं कुणी दार वाजवतं.